कामापुरता ताण आणि जिवावरचा ताण: फरक ओळखायचा कसा?

तापीकाठ (धागाकर्ता)

आपल्याकडे ताणाविषयी बोलताना दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणजे ‘टेन्शन कोणाला नसते, कामाला लागा’, आणि दुसरा म्हणजे चार दिवस झोप नीट लागली नाही की ‘मला डिप्रेशन आले आहे’ असे जाहीर करून मोकळे होणारा. पहिल्या सुरामुळे ज्याला खरोखर मदत हवी आहे तो बोलायचा थांबतो, आणि दुसऱ्यामुळे धडधाकट माणूस स्वतःला रुग्ण समजू लागतो. या दोन्हींच्या मधली जागा ओळखता यावी, म्हणून हा धागा काढत आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडील सदस्यांनी आपल्या कामधंद्यातील निरीक्षणे लिहिली तर चर्चा पुस्तकी राहणार नाही.

ताणाला वैद्यकशास्त्रात जागा मिळवून देणारे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्य असे एकमेकांशी संबंध नसलेले त्रास दिले, तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. त्या प्रतिसादाचे त्यांनी तीन टप्पे सांगितले: आधी धोक्याची जाणीव, मग तग धरणे, आणि त्रास संपलाच नाही तर अखेरीस थकून कोसळणे. यातील पहिले दोन टप्पे हे निरोगी शरीराचे काम आहे, हे आपण विसरतो. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणे किंवा व्यासपीठावर बोलण्यापूर्वी तोंडाला कोरड पडणे हा आजार नव्हे.

माझे म्हणणे असे आहे की ताण किती चढला यावरून फारसे काही ठरत नाही. कारण दूर झाल्यावर तो उतरतो का, यावर ठरते. मी एका पतसंस्थेत काम करतो. मार्चअखेर वसुली, ताळेबंद आणि लेखापरीक्षणाची तयारी एकदमच येते, तेव्हा जेवणाच्या वेळा चुकतात, आवाज चढतो, रात्री आकडे डोक्यात फिरत राहतात. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भूक, झोप आणि थट्टामस्करी परत आली, तर त्या ताणाने काम करून घेतले एवढेच म्हणावे. मात्र आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आल्या आहेत, घरात पुरणपोळी आणि आमरसाचा बेत आहे, आणि तरीही माणूस मनाने खातेवहीतच बसलेला आहे, असे दिसले तर लक्ष द्यावे. दुसरी खूण म्हणजे सांडणे: कचेरीचा ताण कचेरीपुरता राहतो, की ताटावर, अंथरुणावर आणि मुलांच्या अंगावर सांडतो?

आपले मत काय?

निदान_धुळे

मी धुळे जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सामान्य रुग्णसेवा करतो, मनोविकारतज्ज्ञ नाही. तरीही ताणाचे रुग्ण सर्वांत आधी आमच्यासारख्यांकडेच येतात, आणि ते ‘मला ताण आहे’ असे सांगत कधीच येत नाहीत. ते आम्लपित्त, मानेची आखड, डोके जड होणे, हातापायांना मुंग्या, ‘अंगात काही राहिले नाही’ अशा तक्रारी घेऊन येतात आणि सलाइन लावून द्या म्हणतात.

धागाकर्त्याने उतरण्याची जी खूण सांगितली आहे, तिला शरीरशास्त्राचा आधार आहे. धोका जाणवताच काही क्षणांत ॲड्रेनॅलीन रक्तात येते, नाडी वेगाने चालू लागते आणि स्नायूंकडे रक्त वळते. त्यानंतर काही मिनिटांत मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी ग्रंथींच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ते रक्तातील साखर वाढवून शरीराला लांब झुंजीसाठी इंधन पुरवते. हेच कॉर्टिसॉल मेंदूकडे परत जाऊन ‘आता पुरे’ असे सांगते आणि यंत्रणा शांत होते. निरोगी माणसात त्याची पातळी सकाळी उठल्यानंतर लवकरच सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली जाते. दीर्घकाळच्या ताणात हा चढउतार बिघडू शकतो, म्हणून दिवसा मरगळ आणि रात्री टक्क जाग, असे उलटे चित्र दिसते. संशोधक ब्रूस मॅकईवेन यांनी १९९३ साली मांडलेली ‘ॲलोस्टॅटिक लोड’ ही संकल्पना याच झिजेबद्दल आहे: वारंवार किंवा अखंड जुळवून घेताना रक्तदाब, साखर, चरबी, प्रतिकारशक्ती या सर्वांवर जो बोजा साठत जातो, तो मोजता येतो आणि त्याची किंमत शरीर नंतर चुकवते.

मात्र येथे एक इशारा द्यायलाच हवा. प्रत्येक धडधड ताणाची नसते. छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे अशी तक्रार असेल तर आधी ईसीजी काढावा आणि मगच मनाकडे वळावे. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह यांची लक्षणेही ताणासारखीच दिसतात. त्यातच आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो. त्या दिवसांत चक्कर, धडधड आणि चिडचिड यांमागे उष्णता आणि अंगातले पाणी कमी होणे हेही कारण असू शकते. ‘तुम्हाला काही नाही, टेन्शन आहे’ हे वाक्य तपासणीआधी उच्चारणे मला अत्यंत चुकीचे वाटते, मग ते शेजाऱ्याने उच्चारलेले असो वा डॉक्टराने.

केळीबाग_यावल

डॉक्टरसाहेब, माहिती उत्तम आहे. परंतु तापीकाठ भाऊंची कसोटी आम्हा शेतकऱ्यांना लावायची कशी, हे मला कळलेले नाही. मार्च संपतो, परीक्षा संपते, शेती संपत नाही. केळीचे रोप लावल्यापासून घड कापेपर्यंत जवळपास वर्ष जाते. त्या वर्षात कधी सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग येतो आणि रोपे उपटून फेकावी लागतात, कधी मे-जूनच्या वादळात घडासकट खोडे आडवी होतात, कधी ऐन कापणीच्या वेळी भाव पडतो. पहिला बाग निघतो तेव्हा दुसऱ्याचा पैसा आधीच खर्च झालेला असतो. अशा माणसाचा ताण ‘उतरला का’ हे कोणत्या दिवशी पाहावे?

तरीही विचार करता मला वाटते की कसोटी चुकीची नाही, ती लहान करून घ्यावी लागेल. हंगाम संपण्याची वाट न पाहता दिवसाचा उतार पाहावा. दिवसभर नांगर ओढलेल्या बैलाच्या मानेवरचे जू काढले की तो चाऱ्याला तोंड लावतो की नाही, हे जुना शेतकरी पाहत असे. किती ओढले ते त्यानंतर. माणसाचेही तसेच पाहावे. संध्याकाळी घरी आल्यावर तो दोन घास चवीने खातो का, पारावर बसतो का, नातवंडाने ओढले तर उठतो का?

आणखी एक फरक मी आमच्या गावात पाहिला आहे. काळजी दोन तऱ्हेची असते. एक काळजी माणसाला उठवते: तो विम्याची मुदत पाहतो, बांधावर फेरी मारतो, व्यापाऱ्याला फोन करतो, भावाशी हिशेब मांडतो. दुसरी काळजी त्याला बसवते. तो रात्रभर तोच विचार घोळवतो आणि सकाळी शेताकडे पाय वळत नाहीत. बँकेचा फोन वाजला की तो उचलत नाही, मग कोणाचाच उचलत नाही. ज्याच्यावर कर्ज मोठे पण जो बोलतो, भांडतो, कागद शोधतो, त्याची मला कमी भीती वाटते. कर्ज मध्यम, पण तोंड मिटलेले, अशा माणसाची जास्त वाटते.

प्रश्नचिन्ह

चर्चा चांगली चालली आहे, म्हणूनच थोडा विरोध नोंदवतो. ‘थोडा ताण चांगला असतो’ हे वाक्य मी जेथे काम केले आहे त्या कारखान्यात वरिष्ठांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा संशय येतो. माणसे कमी करायची, उत्पादनाचे लक्ष्य वाढवायचे आणि कोणी कुरकुर केली की प्रशिक्षणवर्गात उलट्या घमेल्यासारखा एक आलेख दाखवून ‘योग्य ताणात कामगिरी उंचावते’ असे समजवायचे, हा अनुभव येथील अनेकांना असेल.

त्या आलेखाचे मूळ तरी पाहा. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली तो निष्कर्ष काढला तो उंदरांना विजेचे झटके देऊन. पिंजऱ्यातल्या दोन कप्प्यांपैकी योग्य कोणता, हे उंदरांनी शिकावे म्हणून झटक्याची तीव्रता कमीजास्त केली गेली. काम सोपे असताना झटका वाढला तरी शिकणे सुधारत गेले. काम अवघड असताना मात्र मध्यम झटकाच उपयोगी ठरला आणि तीव्र झटक्याने शिकणे मंदावले. पुढे लोकांनी ‘झटका’ काढून तेथे ‘ताण’ लिहिला आणि उंदीर काढून कर्मचारी बसवला. या प्रयोगातून घ्यायचेच असेल तर हे घ्यावे की काम जितके गुंतागुंतीचे, तितका तीव्र दबाव लवकर घातक ठरतो. नेमके हेच वरिष्ठ सांगत नाहीत.

मला रॉबर्ट कॅरासेक यांची १९७९ सालची मांडणी अधिक प्रामाणिक वाटते. केवळ कामाच्या मागणीने माणूस मोडत नाही; मागणी जास्त आणि स्वतःच्या हातात निर्णय काहीच नाही, अशा जोडीने मोडतो. पाळी कोणती, रजा कधी, यंत्र किती वेगाने चालवायचे, यातले काहीही ज्याच्या हाती नाही, त्याला ‘ताणाकडे संधी म्हणून पाहा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

तापीकाठ (धागाकर्ता)

प्रश्नचिन्ह, तुमचा आक्षेप मान्य आहे आणि तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, त्याला धार देतो. हितकारक ताण हा दुसऱ्याने लादून ‘तुमच्याच भल्याचा’ म्हणून पटवायची गोष्ट नव्हे. तो हितकारक आहे की नाही, हे ज्याच्या अंगावर तो आहे त्याच्या झोपेवरून, भुकेवरून आणि वागण्यावरून ठरावे. वरिष्ठाच्या आलेखावरून नव्हे.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली सविस्तर मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. समोर आलेल्या प्रसंगाबाबत मन दोन प्रश्न विचारते: यात माझे काय पणाला लागले आहे, आणि हे निभावण्याइतके बळ, पैसा, माणसे माझ्यापाशी आहेत का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘आहेत’ असे येते तेव्हा तोच प्रसंग आव्हान वाटतो, ‘नाहीत’ असे येते तेव्हा धोका. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोघांना एकाच पुरात वेगवेगळा ताण येतो. परंतु यावरून ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असा अर्थ काढणारे मला पटत नाहीत. ज्याच्याजवळ खरोखर पैसा नाही, त्याने तसे समजणे हा विचारातील दोष नसून हिशेब आहे. तेथे समुपदेशनाआधी कर्जाचे पुनर्गठन लागते.

खडू_नंदुरबार

मी शिक्षिका आहे, त्यामुळे मुलांविषयी लिहिते. दहावी-बारावी आणि नीटच्या तयारीतील मुलांमध्ये ताण हितकर आहे की अपायकारक, हे ओळखण्यासाठी मी गुणांपेक्षा तास आणि फळ यांचे नाते पाहते. अभ्यासाचे तास वाढले आणि थोडे का होईना लक्षात राहू लागले, तर मूल घाबरलेले असले तरी ठीक चालले आहे. तास वाढत जातात, झोप कमी होत जाते, तेच पान पुन्हा पुन्हा उघडे असते आणि विचारले तर एक ओळ सांगता येत नाही, तेव्हा ‘अजून जोर लाव’ हा सल्ला अपाय करतो. परीक्षेच्या सकाळी पोट दुखणे स्वाभाविक आहे. परीक्षा नसतानाही दर सोमवारी दुखू लागले तर शाळेत, वर्गात किंवा वसतिगृहात काही घडते आहे का, हे हळुवार विचारावे.

किशोरवयीन मुलांचा त्रास रडण्यातून दिसेलच असे नाही. तो चिडण्यातून, उलट बोलण्यातून, दार लावून घेण्यातून दिसतो, आणि आपण त्याला उद्धटपणा म्हणतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून आलेली काही मुले वसतिगृहात आली की सुरुवातीला गप्प असतात. घराची आठवण, वेगळी भाषा, वेगळे जेवण यांचा तो ताण साधारणपणे मित्र मिळाले की ओसरतो. दिवाळीच्या सुटीनंतरही ते मूल एकटेच बसत असेल, खेळाच्या तासाला कारणे सांगत असेल, तर ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

पालकांना एक विनंती आहे. ‘किती झाला अभ्यास?’ हा प्रश्न दिवसातून एकदाच विचारावा. जेवताना तर मुळीच विचारू नये.

पाळी_भुसावळ

आमच्या घरी रेल्वेची नोकरी आहे, तेव्हा झोपेवर मीच बोलते. वर सर्वांनी झोप ही खूण सांगितली. पण पाळीच्या नोकरीत झोप मुळातच मोडलेली असते आणि उन्हाळ्यात स्लॅबच्या घरात दिवसा झोपणे म्हणजे शिक्षाच. अशा घरात झोप कमी आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. मी पाहते ते असे की सुटीच्या दिवशी, गार जागा आणि निवांतपणा मिळूनही झोप लागते का. लागत असेल तर तो थकवा आहे. अंग मोडून आलेले असताना आणि सगळी सोय असतानाही डोळा लागत नसेल, तर थकव्यापलीकडचे काही आहे.

दुसरी खूण कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. ताण उतरवायला माणूस जे वापरतो, ते वाढते आहे का? चहाचे कप, तंबाखूची पुडी, रात्रीची बाटली, मोबाइलवरचा जुगार. आधी जेवढ्याने बरे वाटत असे, तेवढ्याने आता वाटत नाही, हे घरातल्या बाईला सर्वांत आधी कळते आणि तिचे ऐकले मात्र सर्वांत शेवटी जाते.

आणि बाईचा स्वतःचा ताण? तो तर आनंदाच्या प्रसंगाखाली झाकला जातो. घरात लग्न निघाले, श्रावणात कानबाई (आमच्याकडची देवी) बसली, तिच्या रोटांचा स्वयंपाक, पाहुणे, मानपान, आणि त्यातच सासूबाईंचे आजारपण. ‘एवढे चांगले चालले आहे, तुला कसला ताण?’ असे विचारले जाते.

निदान_धुळे

पाळी_भुसावळ ताई, तुमचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला भार दिला. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत आणि लग्नाला चक्क ५०. आनंदाची घटनाही जुळवून घेण्याचे श्रम मागते, हाच त्यामागचा विचार. अर्थात गुणांची बेरीज करून कोणाचे भविष्य सांगू नये. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रश्नावल्यांबाबतही तेच. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ सालची प्रश्नावली चांगली आहे. ती गेल्या महिन्याभरात गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्या असे किती वेळा वाटले, अशा स्वरूपाचे प्रश्न विचारते. पण ती ताणाचा अंदाज देते, आजाराचे निदान करत नाही.

कामामुळे आलेल्या कोमेजलेपणाविषयीही थोडे सांगतो, कारण ‘बर्नआउट’ हा शब्द आता सर्रास वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद आहे, परंतु आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. शक्ती संपणे, कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, या तिन्ही गोष्टी त्यात येतात. रजा घेऊन माणूस ताजा झाला आणि परतताच आठवड्याभरात पुन्हा तसाच झाला, तर दोष माणसात शोधण्यापेक्षा कामाच्या रचनेत शोधावा. प्रश्नचिन्ह यांचा मुद्दा येथे बरोबर ठरतो.

आता रेषा कोठे ओढायची ते. दिवसाचा बहुतेक वेळ उदासी, किंवा ज्यात पूर्वी गोडी होती त्यातली गोडी जाणे, हे जवळजवळ रोज असे दोन आठवडे टिकले आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता, उत्साह बिघडले, तर ते नैराश्य असू शकते. तेव्हा ताण समजून वाट पाहू नये. आणि मरणाचा विचार मनात येत असेल, तर दोन आठवडेही थांबायचे नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची.

केळीबाग_यावल

डॉक्टरसाहेब, येथेच माझा खरा प्रश्न आहे. आमच्या भावकीत एक जण गेल्या दिवाळीपासून गप्प आहे. परवा त्याने एकाला म्हटले, ‘माझ्यामागे तुम्ही पाहून घ्या.’ त्याला सरळ विचारावे, तर नसते ते डोक्यात भरवल्यासारखे होईल, असे घरचे म्हणतात. आणि पोलिसांचे लचांड मागे लागेल अशीही त्यांना भीती आहे.

निदान_धुळे

भाऊ, आजच विचारा, आणि सरळ शब्दांत विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. उलट कोणीतरी ऐकायला आहे हे कळून माणूस मोकळा होतो. विचारल्यावर लगेच उपदेश करू नका, बायकामुलांची शपथ घालू नका, ऐकून घ्या. उत्तर ‘हो’ असेल किंवा संदिग्ध असेल तर त्याला एकटे सोडू नका. घरातील आणि शेतातल्या खोलीतील कीटकनाशके आजच कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्या घरी द्या. साधन हाताशी नसले की तो घातक क्षण टळतो आणि टळलेल्या क्षणानंतर अनेक जण वाचतात, म्हणून हे काम मी औषधाइतकेच महत्त्वाचे मानतो.

कायद्याची भीती सोडा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार, ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. त्याच्यावर खटला चालवायचा नसून त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. तुमच्या नातेवाइकाने तर प्रयत्नही केलेला नाही; उपचाराला जाण्यात पोलिसांचा प्रश्नच येत नाही.

टेलिमानस ही शासनाची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते. तुम्ही स्वतः त्याच्या वतीने आधी फोन करून कसे बोलावे हे विचारू शकता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. सोबत तुम्ही जा, त्याला एकट्याला पाठवू नका. घरच्यांना भगताकडे किंवा देवाला जायचे असेल तर वाद घालत बसू नका, जाऊ द्या. फक्त दवाखान्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

केळीबाग_यावल

आभारी आहे. औषधांच्या खोलीची किल्ली घेऊन मी संध्याकाळी त्याच्याकडेच मुक्कामाला जात आहे. एकच विचारतो, दवाखान्यात डॉक्टर काय विचारतील, म्हणजे तयारीने नेता येईल?

निदान_धुळे

झोप कधी लागते आणि कधी मोडते, जेवण किती, वजन उतरले का, शेतात शेवटचे कधी गेला, दारू किंवा तंबाखू वाढली का, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, आणि सध्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत, एवढे कागदावर लिहून न्या. मधुमेह किंवा रक्तदाबाची जुनी चिठ्ठी असेल तर ती न्याच. पहिल्या भेटीत तो काहीच बोलला नाही तरी नाउमेद होऊ नका, पुढची तारीख घेऊनच निघा. औषधे सुरू झाली तर नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. तोपर्यंत गोळ्यांची पाकिटेही त्याच्या हाती न देता घरच्यांनीच रोज मोजून द्यावीत.